जेवणासह समुद्र

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्राची निवड करावी लागत नाही. ती करावी लागते ती समुद्रापासून दूर राहणाऱ्याला, आणि जो जितका दूर तितकी त्याची चिकित्सा अधिक, हा नियम मान्य केला तर परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे ठिकाण या विषयाच्या अभ्यासासाठी फारच सोयीचे ठरते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकाही जिल्ह्याला किनारा नाही. फाट्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून दूर भरतो, आणि सरळ रेषेत एसटी जात नाही. येथे पडणारा पाऊससुद्धा पश्चिमेकडे वळत नाही. तो ओढ्यानाल्यांतून दुधना-पूर्णेला, तेथून गोदावरीला आणि गोदावरीबरोबर तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. म्हणजे गावचे पाणी दरवर्षी न चुकता समुद्रावर जाते आणि माणसे तेवढी मागे राहतात, ही परिस्थिती ज्या कुटुंबाला एखाद्या एप्रिल महिन्यात अचानक असह्य होते त्या कुटुंबाचा हा अभ्यास आहे.

मोठ्या रस्त्यातून गावाकडचा रस्ता जेथे फुटतो त्या जागेला फाटा म्हणतात, आणि अशा जागी कालांतराने चहा-भज्यांचे हॉटेल, पंक्चरचे दुकान, कृषी सेवा केंद्र, मोबाइलचे दुकान आणि बसची वाट पाहणारी माणसे एवढ्या पाच गोष्टी जमल्या की वस्ती पूर्ण झाली असे मानले जाते. यांपैकी शेवटच्या घटकाजवळ वेळ भरपूर असल्याने रिसॉर्टविषयीचे संशोधन प्रामुख्याने तेथेच होते. ‘दोन रात्री, तीन दिवस, जेवणासह’ अशी जाहिरात कोणाच्या तरी मोबाइलवर येते, ती चार जणांकडे जाते, आणि बस येईपर्यंत त्या रिसॉर्टचा मालक कोण, त्याला एवढे परवडते कसे आणि जेवणात नक्की काय देत असेल याविषयीची तीन स्वतंत्र मते तयार होतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्या जिल्ह्याने स्वतःविषयी खपवून दाखविली, त्या जिल्ह्यात माहिती कमी असल्याने मत अडून राहत नाही.

मुळात सर्वसमावेशक रिसॉर्ट म्हणजे काय, ते आधी स्पष्ट केले पाहिजे. राहणे, तिन्ही वेळचे जेवण, मधले खाणे, पेये, करमणूक आणि मुलांचे खेळ यांचे एकत्र पैसे आधीच घ्यायचे आणि नंतर पाहुण्याच्या हाती कसलेही बिल द्यायचे नाही, अशा व्यवस्थेला हे नाव आहे. इंग्लंडमध्ये बिली बटलिन यांनी १९३६ साली स्केगनेस येथे समुद्राकाठी सुट्टीची छावणी उघडली तेव्हा तीन वेळचे जेवण आणि करमणूक ही एकाच आठवडी दरात बसवली होती. पुढे १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ सुरू केला. तेथे पोहण्याच्या कपड्यांना खिसे नसतात ही अडचण लक्षात घेऊन पुढे गळ्यातल्या मण्यांच्या माळेतून मणी काढून देऊन पेय घेण्याची पद्धत निघाली. माणूस नोट मोजून देताना जितका विचार करतो तितका मणी देताना करत नाही, हे या व्यवसायाच्या तेव्हाच ध्यानात आले असावे. आता मण्यांच्या जागी मनगटावरची प्लॅस्टिकची पट्टी आली आहे, जी कापल्याशिवाय निघत नाही आणि जी फाट्यावरचा मुलगा शाळा उघडेपर्यंत कापू देत नाही.

भारतातील हॉटेले मात्र एवढी उदार नाहीत. त्यांनी समावेशाच्या चार पायऱ्या केल्या आहेत. नुसत्या खोलीला ‘ईपी’, नाश्त्यासह खोलीला ‘सीपी’, नाश्ता आणि एक जेवण असेल तर ‘एमएपी’ आणि नाश्त्यासह दोन्ही जेवणे असतील तर ‘एपी’ असे म्हणतात, आणि या अक्षरांमागे युरोप, खंड व अमेरिका यांची नावे आहेत. चहा यांपैकी कशात बसतो हे मात्र कोणत्याही खंडाने स्पष्ट केलेले नाही. ज्या घरात सकाळी उठल्यावर एक, आंघोळीनंतर एक, कोणी आले म्हणून एक आणि ते गेले म्हणून एक असा चहा होतो, त्या घराच्या दृष्टीने ही त्रुटी गंभीर आहे. फोनवर अमेरिकन पद्धतीची चौकशी पूर्ण झाल्यावर आजोबांच्या वतीने विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘चहा किती वेळा?’ हाच असतो, आणि पलीकडून ‘बेड टी एकदा’ असे उत्तर आले की पुढची वाटाघाट थंडावते.

ही संकल्पना या भागाला परकी आहे असे मात्र मानू नये. लग्नात वराकडच्या मंडळींना उतरण्यासाठी दिलेली जागा म्हणजे जानवसा, आणि जानवसा ही मराठवाड्यातील सर्वसमावेशक निवासाची सर्वांत जुनी व सर्वांत कडक संस्था आहे. तेथे गाद्या, आंघोळीचे गरम पाणी, साबण, फराळ, चहा, पान-सुपारी आणि रुसणाऱ्याची समजूत काढण्याची सोय हे सारे वधूपक्षाकडून विनामूल्य मिळते. पाहुण्याने फक्त उणीव शोधायची असते. पाण्याला वास येतो, उशी कमी पडली, चहात साखर नाही, अशा तक्रारी तेथे गैरसोयीपोटी होत नाहीत, तर मान राखला जातो की नाही हे तपासण्यासाठी होतात. अशा परंपरेत वाढलेले कुटुंब जेव्हा आगाऊ पैसे भरून रिसॉर्टवर उतरते तेव्हा ते पाहुणे म्हणून न उतरता वरपक्ष म्हणून उतरते, ही गोष्ट रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना प्रशिक्षणात शिकवली गेली तर दोन्ही पक्षांचा मनस्ताप वाचेल.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला जे रूप आले ते दोन प्रकारचे आहे. एक म्हणजे सहल कंपनी. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये ‘केसरी’ सुरू केली, वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये ‘वीणा वर्ल्ड’, आणि अशा कंपन्यांनी मराठी माणसाला सर्वकाही समाविष्ट असलेली, पण एका जागी न थांबणारी सुट्टी दिली; तीत सकाळी सहाला उठवणारा सहलप्रमुखही समाविष्ट असतो. दुसरे रूप कोकणातले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, महामंडळाच्या निवास-न्याहरी योजनेने घरमालकांना खोल्या बांधण्याचे बळ दिले, आणि दापोली, गुहागर, दिवेआगर, तारकर्लीच्या वाड्यांमध्ये ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ अशा पाट्या लागल्या. या घरगुती सोयीत दर बहुधा माणशी असतो, जेवण ताटावर मोजले जाते आणि मालकीणबाई स्वतः वाढतात. कंपनीने बांधलेल्या रिसॉर्टपेक्षा ही पद्धत अधिक समावेशक आहे की कमी, हा वादाचा विषय असला तरी दुसऱ्यांदा भात नको म्हटल्यावर रिसॉर्टमधला वाढपी निघून जातो आणि मालकीणबाई निघून जात नाहीत, एवढा फरक निर्विवाद आहे.

निवडीचा पहिला निकष खरे तर पैसा नसून वेळ हा आहे, आणि तो पंचांगाने व पिकांनी मिळून ठरवून ठेवलेला असतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी, मग तूर, मग हरभरा, गहू आणि ज्वारी. तोवर मुलांच्या परीक्षा येतात. परीक्षा संपल्या की लग्नसराई सुरू होते, जिच्यात भाऊबंदांची लग्ने चुकवता येत नाहीत, आणि मेअखेर शेतीची मशागत उरकावी लागते कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. यांतून जी चार-पाच दिवसांची फट उरते तीत समुद्र बसवायचा असतो. या बाबतीत समुद्राचे वेळापत्रकही शेतकऱ्याच्या वेळापत्रकाशी चमत्कारिकरीत्या जुळते, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि खेळांच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात. म्हणजे देवगावात पेरणीची घाई सुरू होते त्याच सुमारास मालवणात जाळी वाळत पडतात. जे कुटुंब ‘पेरण्या झाल्यावर निवांत जाऊ’ असा विचार करते त्याच्या वाट्याला खवळलेला समुद्र, बंद होड्या आणि निम्म्या दरातली खोली येते, आणि त्यातली शेवटचीच बाब गावी सांगितली जाते.

यानंतर ठिकाणाचा प्रश्न येतो आणि तो सोडवण्याचा अधिकार आजीकडे असतो. नुसते पाणी पाहायला एवढे लांब जाणे हे तिच्या मते उधळेपणाचे लक्षण आहे. पण देवदर्शनाला जोडून पाणी दिसत असेल तर तिची हरकत नसते. या एका अटीमुळे काशीदसारखे सुंदर किनारे प्राथमिक फेरीतच बाद होतात, दिवेआगर, हरिहरेश्वर व गुहागर उपांत्य फेरीत जातात, आणि गणपतीपुळे अंतिम फेरीत एकटेच उरते. तेथे स्वयंभू गणपती डोंगराच्या पायथ्याशी पश्चिमाभिमुख आहे, प्रदक्षिणा घालायची तर साऱ्या टेकडीला सुमारे एक किलोमीटरची घालावी लागते, देवळापुढे थेट समुद्र आहे आणि लगतच पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. आजीला प्रदक्षिणा, मुलांना वाळू आणि कर्त्या पुरुषाला एकाच तिकिटात दोन्ही, अशी ही तडजोड असल्यामुळे गणपतीपुळ्याला मराठवाड्यातील जीपगाड्या ज्या संख्येने दिसतात त्याचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीत शोधू नये. मात्र तेथल्या किनाऱ्याचा उतार व ओढ फसवी असून बुडण्याच्या घटना घडत आल्या आहेत, धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात, आणि ‘आपल्याला विहिरीत पोहता येते’ ही पात्रता समुद्र मानत नाही. पाठीला कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत तयार झालेला पोहणारा उभ्या पाण्यात पटाईत असतो. आत ओढणाऱ्या पाण्याशी त्याचा परिचय झालेला नसतो. या विषयात विनोद करण्यासारखे काही नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत आजीचे मानक आणखी कडक आहे, कारण तिने शेगाव पाहिलेले असते. श्री गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासातील धुतलेल्या फरशा, सेवेकऱ्यांची शिस्त आणि माफक दर ज्याने अनुभवले त्याला दिवसाला सहा हजार घेणाऱ्या खोलीच्या कोपऱ्यातली वाळू दिसते, आणि ‘शेगावला एवढ्यात महिनाभर राहिलो असतो’ हे वाक्य रिसॉर्टच्या दारातच ऐकू येते. त्या वाक्याला उत्तर असलेले रिसॉर्ट कोकणपट्टीत अद्याप बांधले गेलेले नाही.

गोव्याचे काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण स्वीमिंग पूल, मुलांचा क्लब आणि मनगटावरची पट्टी असलेली खऱ्या अर्थाची रिसॉर्टे गोव्यातच अधिक. परंतु गोव्याचा प्रस्ताव एसटीच्या तिकिटापाशी अडतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट तर पूर्वीपासूनच आहे. म्हणजे आजोबा फुकट, आजी, सून आणि मुले अर्ध्यात, आणि पूर्ण तिकीट काढणारा घरात एकटा कर्ता पुरुष. मात्र ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. बांद्याच्या पुढे पाऊल टाकले की आजोबांचे वय एकाएकी निरुपयोगी होते. अशा स्थितीत सावंतवाडीच्या अलीकडचाच समुद्र अधिक निळा दिसू लागला तर नवल नाही. याखेरीज ‘गोव्याला गेले होते’ या तीन शब्दांचा फाट्यावर जो अर्थ लावला जातो तो आई-वडील व मुलांसह गेल्याचे पुरावे दाखवूनही पुसला जात नाही.

जाहिरातीचे वाचन ही या शास्त्राची स्वतंत्र शाखा आहे. ‘सी टच’ म्हणजे समुद्राला लागून, असा तिचा साधा अर्थ. परंतु पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९९१ च्या अधिसूचनेने किनारा नियमन क्षेत्र आखून दिले, ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली, आणि २०१९ च्या सुधारित अधिसूचनेने ही मर्यादा दाट लोकवस्तीच्या गावांपुरती पन्नास मीटरवर आणली. त्यामुळे जे रिसॉर्ट खरोखरच समुद्राला स्पर्श करत असेल त्याने कायद्यालाही कुठेतरी स्पर्श केलेला असण्याची शक्यता असते, आणि जे कायदा पाळत असेल त्याचा स्पर्श नारळाच्या बागेतून चालत जाऊन करावा लागतो. ‘किनाऱ्यापासून दोन मिनिटांवर’ या वाक्यातली मिनिटे कोणत्या वाहनाची आहेत हे लिहिलेले नसते. ‘सी व्ह्यू’ खोलीतून समुद्र दिसतो, पण कोणत्या अवयवावर उभे राहिल्यावर दिसतो हे जागेवर गेल्यावर कळते, आणि ‘गार्डन व्ह्यू’ म्हणजे पार्किंगच्या कडेची जास्वंद.

दिवसांचे गणित तर त्याहून मनोरंजक आहे. पहिल्या दिवशी दुपारी बाराला खोलीचा ताबा मिळतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती सोडावी लागते. याला ‘दोन रात्री, तीन दिवस’ म्हणतात. तीन दिवसांचे तास बहात्तर होतात आणि हा काळ भरतो सेहेचाळीस तासांचा, म्हणजे सव्वीस तास व्यवसायाच्या रीतीप्रमाणे गळतात. त्यात रात्रभर जीप हाणून आलेले कुटुंब भल्या पहाटे रिसॉर्टच्या दाराशी पोचते, आणि ताबा मिळेपर्यंतचे सहा तास स्वागतकक्षातील दोन सोफ्यांवर सात माणसे, चार बॅगा, एक पाण्याचा जार आणि एक उलटीची पिशवी अशा रचनेत घालवते. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘वेलकम ड्रिंक’ याच काळात येते. ते कोकम सरबत असते, पेला लहान असतो, आणि मुले ते संपवून ‘अजून?’ असे विचारतात तेव्हा समावेशाची पहिली सीमा त्यांना कळते.

मुलांच्या वयाचा प्रश्न नाजूक आहे. रिसॉर्टच्या दरपत्रकात पाच वर्षांखालील मूल बहुधा मोफत, पाच ते बारा वर्षांचे वेगळ्या गादीशिवाय एका दरात व गादीसह दुसऱ्या दरात, आणि त्यापुढचे पूर्ण माणूस, अशी वर्गवारी आढळते. रेल्वेनेही २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे लावले आहे. या नियमांचा परिणाम असा होतो की धाकटा मुलगा घरी सात वर्षांचा, रेल्वेत साडेचार वर्षांचा आणि रिसॉर्टच्या काउंटरवर ‘आत्ताच चार पूर्ण’ असतो. पूर्वी ही व्यवस्था सुरळीत चालत असे. आता काउंटरवर आधार कार्ड मागतात, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे मुलगा स्वतःच शुद्ध मराठीत ‘मी दुसरीत आहे’ असे सांगतो. शिक्षणाचा प्रसार कुटुंबाला महाग पडतो तो असा.

कराचाही एक शब्द. दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्याआधी तो बारा टक्के होता. भाडे त्याच्या वर गेले की अठरा टक्के. अनेक दरपत्रके ७,४९९ या आकड्यापाशी येऊन का थबकतात याचा शोध त्यामुळे संख्याशास्त्रात घ्यावा लागत नाही.

जेवण हा सर्वसमावेशकतेचा प्राण असल्याने त्याची चर्चा सर्वांत लांबते. घरात आजोबा माळकरी असतात, म्हणजे पंढरीच्या वारीची तुळशीमाळ गळ्यात असल्यामुळे मांस-मासे वर्ज्य, आजी त्यांच्याबरोबर, कर्त्याला बाहेर गेल्यावर सुरमई चालते पण वडिलांसमोर चालत नाही, आणि मुले नूडल्सखेरीज काही खात नाहीत. कोकणात ताटाची प्रतिष्ठा माशावर ठरते, त्यामुळे शाकाहारी माणसाने सुरमईच्या थाळीच्या दरात वाल, बटाटा आणि सोलकढी खावी अशी व्यवस्था असते, आणि या दरफरकाच्या अभावाने आजोबांची माळ सर्वांत महाग ठरते. भाकरी मिळते, पण तांदळाची. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचे वाण ज्या जिल्ह्याला दिले, त्या जिल्ह्यातल्या माणसाला पांढरीशुभ्र, मऊ, तोंडात विरघळणारी ती भाकरी जेवण म्हणून पटत नाही. तिला चावावे लागत नाही म्हणजे तिच्यात काही नसणार, असा त्याचा तर्क असतो. म्हणून निघतानाच घरून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा आणि चिवड्याचा डबा बरोबर घेतला जातो. ‘बाहेरचे पदार्थ आणण्यास मनाई आहे’ ही पाटी वाचूनच डबा बॅगेच्या तळाशी, टॉवेलांखाली जातो; आणि पहिल्या रात्री पूर्ण भरलेल्या पैशांचे जेवण जेवून आल्यावर खोलीचे दार लावून, पलंगावर वर्तमानपत्र पसरून, ठेच्याबरोबर जे अर्धे-अर्धे धपाटे खाल्ले जाते ते साऱ्या सहलीतील सर्वांत समाधानाचे जेवण ठरते.

हवेविषयीचा गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. मे महिन्यात परभणीत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, रत्नागिरीत तो ३३-३४ च्या आसपास असतो, आणि हे आकडे वाचून समुद्राकाठी गारवा असतो असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात परभणीची हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळतो, आणि ओल्या वाळ्यातून येणारी कूलरची हवा थंड लागते, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. कोकणची हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तेथे घाम वाळत नाही आणि कूलर लावला तर तो फक्त खोली दमट करतो. आजोबांना हे मान्य नसते. ते खोलीत शिरताच कूलर कुठे आहे हे विचारतात, भिंतीवरच्या एसीकडे संशयाने पाहतात, तो लावल्यावर सांधे धरतात म्हणून बंद करायला लावतात, आणि मग उघड्या अंगाने ओसरीवर बसून ‘आपल्याकडे ऊन असते, पण असा चिकटा नसतो’ हा अभिप्राय नोंदवतात, जो हवामानशास्त्राच्या दृष्टीने अचूक असतो.

समुद्र स्वतः मात्र कोणत्याही पॅकेजात बसत नाही. नाश्ता साडेसात ते दहा, जेवण साडेबारा ते तीन, अशी रिसॉर्टची वेळ ठरलेली असते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीला तीनने गुणून चारने भागावे, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ: अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. देवगावच्या माणसाला समुद्र अनोळखी असला तरी तिथी अनोळखी नाही. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेलेच असते, आणि त्यावरून दूध, उपास व म्हशीचे दिवस जसे काढतात तशी गुहागरची भरतीही घरबसल्या काढता येते. हा हिशेब करून तारीख ठरवणारे कुटुंब विरळा. बहुतेकांना बुफेची वेळ पाठ असते आणि समुद्राची नसते, त्यामुळे पोहे संपवून ते वाळूत उतरतात तेव्हा पाणी तरी आत गेलेले असते किंवा आजी ‘भरती आहे, कोणी पुढे जायचे नाही’ असे फर्मान काढते. मग मुले रिसॉर्टच्या चार फुटी तलावात उतरतात आणि निघेपर्यंत तेथून बाहेर येत नाहीत. समुद्रासाठी रात्रभर प्रवास करून सेलूच्याही एखाद्या मंगल कार्यालयाशेजारी बांधता येईल अशा निळ्या फरशीच्या टाक्यात पोरे डुंबताना पाहून कर्त्या पुरुषाच्या मनात जो हिशेब सुरू होतो तो तिसऱ्या दिवसापर्यंत मिटत नाही.

हा हिशेब म्हणजेच ‘वसुली’, आणि सर्वसमावेशक रिसॉर्टचे खरे संकट तेच आहे. आधी पैसे घेण्यामागचा हेतू असा की पाहुण्याने मोजणे सोडावे; पण ज्याने आयुष्यभर खताच्या गोणीपासून कापसाच्या क्विंटलपर्यंत सगळे मोजूनच घेतले-दिले, तो पैसे आधी भरल्यावर मोजणे सोडत नाही, उलट उरलेले तिन्ही दिवस काय काय बाकी राहिले ते मोजतो. कॅरम खेळायचा राहिला, सायकली घेतल्या नाहीत, संध्याकाळची भजी चुकली, आणि ‘बोनफायर’ म्हणजे जी शेकोटी, तिच्यापुढे मे महिन्यात बसायचे कशाला हे न कळूनही सगळे बसतात, कारण ती समाविष्ट असते. नको असलेला तिसरा गुलाबजाम, न लागणारा साबण, न येणारे टेबल टेनिस हे सारे वसूल करता करता आरामाला वेळ उरत नाही. याच वसुलीचा मोठा नमुना म्हणजे पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या एकदम विकणारी सदस्यता. तिची वसुली करायची तर पुढची पिढीही कामाला लावावी लागते, म्हणून शहराच्या मॉलमध्ये ‘पती-पत्नी दोघांनी यावे, भेटवस्तू मिळेल’ असे कोणी म्हटल्यास एकाने तरी घरी राहणे हिताचे.

तेव्हा निवडीची कसोटी ‘काय काय समाविष्ट आहे’ ही नसून ‘आपण त्यातले काय वापरणार आहोत’ ही आहे. मुले लहान असतील, घरात माळकरी असतील, आणि समुद्राचे वेड दोन तासांत उतरणारे असेल तर वीस खेळ, तीन बुफे आणि अमर्याद शीतपेये यांचे पैसे भरण्यापेक्षा सपाट किनारा, शाकाहारी स्वयंपाकाची वेगळी भांडी, वाटेल तेव्हा चहा आणि पहाटे आलेल्याला टेकायला ओसरी देणारे घर पुरेसे असते. किनाऱ्याचा उतार कसा आहे आणि जीवरक्षक आहे का, हे कोणत्याही जाहिरातीत नसते. ते विचारावे लागते. पैसे पाठवण्यापूर्वी फोन करावा, मेसेज करू नये. पलीकडून माणसे किती, पोरे केवढी, माळकरी कोणी आहे का आणि गाडी किती वाजता पोचेल हे प्रश्न आले तर निम्मी रक्कम खुशाल पाठवावी. आणि प्रश्नाआधीच पैसे भरण्याचा क्यूआर कोड आला तर फोन ठेवून फाट्यावर दुसरी बस येईपर्यंत थांबावे.